पंतप्रधानांचा गुडघा आणि सासूबाईंचा

सन २००० चा ऑक्टोबर महिना. दसरा नुकताच होऊन गेला होता. आमच्या डिचोलीच्या घरी पेपर यायचा तो आधी दुकानात जायचा, मग माडीवर यांच्याकडे, आणि आम्हा बायकांच्या हाती लागायचा तो दुपारी, शेंगा सोलायला खाली पसरण्यापुरता. पण त्या दिवशी सासूबाईंनी सकाळीच हाक मारून विचारलं, "अगं, वाजपेयींचं काय झालं? उभे राहिले का?"

पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर १० ऑक्टोबरला मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली होती. वय ७५. शस्त्रक्रिया करायला डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. पंतप्रधान परदेशी गेले नाहीत, डॉक्टरच इकडे आले, याचं सगळ्यांना कौतुक. पुढच्या वर्षी जूनमध्ये उजवाही गुडघा तिथेच झाला. त्याआधी 'गुडघा बदलतात' हे शब्द आमच्या घरात कोणी उच्चारले नव्हते. मोतीबिंदू माहीत होता, बायपास माहीत होती. गुडघा मात्र दुखायचाच असतो, अशी आमची समजूत.

सासूबाई तेव्हा ६८ च्या. दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला कमानीसारखे वाकलेले. देवघर माडीवर होतं आणि जिना लाकडी, उभा चढाचा. त्या एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने वरची पायरी धरून, जवळजवळ रांगत वर जायच्या. उतरताना पाठमोऱ्या उतरायच्या. हे आम्ही रोज बघत होतो. रोज बघितलेलं दिसत नाही, तसं झालं होतं.

यांनी पेपर वाचून दाखवला आणि सहज म्हणाले, "आई, तुझाही दाखवूया का एकदा मुंबईला?" त्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, "त्यांचे पाय देशाला हवेत रे. माझे कोणाला हवेत?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. पुढची १२ वर्षं त्या होत्या, आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना आमच्यापैकी एकानेही दिलं नाही. काही वर्षांनी देवच माडीवरून खाली आणले. सोय झाली, असं आम्ही म्हणालो.

आज मी ६७ ची आहे आणि उजवा गुडघा माझाही गेला आहे. गेल्या हिवाळ्यात माहेरची, शिरोळकडची माणसं आली होती. आपल्याकडची माणसं गोव्यात आली की समुद्र बघून झाल्यावर विचारतात, इथे आपलं जुनं काही आहे का? मग मी त्यांना आमच्या तालुक्यातल्या कुडण्याला नेते, जांभ्या दगडातल्या जुन्या जैन मंदिराचे अवशेष दाखवायला. या वेळी मी गाडीतच बसून राहिले. "तुम्ही जाऊन या, मी पाहिलंय शंभरदा." परत आल्यावर भाचीने मोबाइलवर फोटो दाखवले. माझ्या गावापासून इतक्या जवळची जागा मी फोटोत बघत होते. त्या रात्री सासूबाईंची आठवण आली, आणि पंतप्रधानांच्या गुडघ्याचीही. तेव्हापासून हा विषय वाचायला घेतला. वाचलं ते इथे सांगते, कारण माझ्यासारख्या गाडीत बसून राहणाऱ्या आपल्यात पुष्कळजणी आहेत.

पहिली गोष्ट, गुडघा 'बदलतात' हा शब्द फसवा आहे. मोटारीचा भाग काढून नवा टाकावा तसं काही नसतं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक जिथे झिजून खरखरीत झालेलं असतं, तिथे ते थोडं तासतात आणि त्यावर धातूची टोपी बसवतात. दाताला बसवतात तशीच म्हणा. दोन टोप्यांच्या मध्ये टणक प्लास्टिकची चकती. बाजूचे स्नायुबंध आपलेच, वाटीही बहुधा आपलीच. हे मला एका तरुण डॉक्टरबाईंनी हाताच्या दोन मुठी एकमेकींवर ठेवून समजावलं, तेव्हा माझी अर्धी भीती गेली.

आणि ही युक्ती वाजपेयींच्या वेळची नाही. तिला सव्वाशे वर्षांहून जास्त झाली. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लूक नावाच्या शल्यविशारदाने १८९० साली क्षयाने नासलेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली होती. हस्तिदंत! वाचून माझा हात थांबला. पण ते टिकलं नाही. मुळात क्षयाचा जंतू आतच होता, सांधे पुन्हा नासले, आणि पुढे त्यानेच आपल्या प्रयोगाविरुद्ध इशारा दिला. आपण चुकलो असं उघड म्हणणारा माणूस, म्हणून मला तो आवडला. मग १९५१ मध्ये स्वीडनच्या वाल्डियसने पुन्हा बिजागरीच बसवली, या वेळी ॲक्रिलिकची आणि नंतर धातूची. तीही सैल पडायची. कारण गुडघा ही दाराची बिजागरी नाहीच. तो वाकताना नुसता वाकत नाही, थोडा घरंगळतो, थोडा मागे सरकतो, थोडा वळतो. हे ओळखून पहिला सांधा केला कॅनडाच्या फ्रँक गन्स्टनने, १९६८ मध्ये, इंग्लंडमधल्या रायटिंग्टन इस्पितळात. तिथेच जॉन चार्नली खुब्याचा कृत्रिम सांधा आधी यशस्वी करून बसले होते. त्यांनी हाडाला धातू पक्का करायला जे ॲक्रिलिक सिमेंट वापरलं, तेच गुडघ्यालाही लागू पडलं.

आज जो गुडघा बसवतात त्याचा मूळपुरुष १९७४ चा, न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमधला. तो करणाऱ्यांत इन्सॉल आणि वॉकर यांच्या बरोबरीने एक नाव होतं डॉ. राणावतांचं. म्हणजे ब्रीच कँडीत पंतप्रधानांच्या पायाशी उभा असलेला माणूस हा सांधा घडवणाऱ्यांपैकीच एक होता. २००० साली आम्हाला जे अगदी ताजं वाटलं, ते २६ वर्षं जुनं झालेलं होतं.

आणखी एक नाव आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. पुण्याचे डॉ. कांतिलाल हस्तीमल संचेती, २०१२ चे पद्मविभूषण. परदेशी सांधे परदेशी हाडांच्या मापाचे, आणि खुर्चीत आयुष्य काढणाऱ्या माणसांसाठी केलेले. आपल्या बायकांची हाडं लहान, आणि आपलं सगळं जगणं जमिनीवरचं. संचेतींनी आपल्या मापाचा, जास्त वाकणारा आणि स्वस्त असा 'इंडस' सांधा तयार केला. आमच्या घरी त्या वेळी हे कोणाला माहीत असतं, तर मुंबईचं नाव ऐकूनच जे सगळे गप्प झाले ते कदाचित झाले नसते.

जमिनीवरचं जगणं म्हणजे काय, हे गोव्यात राहून जास्त कळतं. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेले. डिचोली आधी, पेडणे १७८८ मध्ये. जुन्या गोव्याच्या मानाने इथली राहणी शेवटपर्यंत गावठीच राहिली. इथल्या बाईने विळीवर बसून नारळ खवला, रगड्यावर वाटण वाटलं, पावसात वाकून भाताची लावणी केली, उन्हाळ्यात डोंगराच्या उतारावर काजूचे बोंडू वेचले. सपाटीवर चालताना गुडघ्यावर आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, पायऱ्यांवर त्याहून जास्त. उकिडवं बसून उठताना किती येत असेल ते तिचं तिलाच माहीत. आपल्या जैन घरांत शेती कमी, पण जमिनीवर बसणं कमी नाही. सामायिक, पूजा, स्वाध्याय, पंगत, धान्य निवडणं, सगळं मांडी घालून. गुडघा झिजण्याचं हे एकच कारण नाही. वय, वजन, घराण्याची ठेवण, जुनी इजा, सगळं मिळून होतं. आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतं.

तरी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत बायका मागाहूनच पोहोचतात. हे मला वाटतं म्हणून सांगत नाही. ज्या २००० साली आमच्या घरी तो हशा झाला, त्याच वर्षी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची गरज आहे पण ती झालेली नाही, असं प्रमाण तिथे स्त्रियांत पुरुषांच्या तिपटीहून अधिक निघालं. बरं, तिथे उपचाराला पैसे पडत नाहीत. मग २००८ मध्ये त्याच प्रांतात आणखी एक गंमत केली. एक पुरुष आणि एक बाई, दोघांचा गुडघा सारखाच बिघडलेला, दोघांना सारखंच बोलायला शिकवलं आणि ७१ डॉक्टरांकडे पाठवलं. त्यातल्या ४२ टक्के डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुरुषाला सुचवली, बाईला नाही. उलट करणारे, म्हणजे बाईला सुचवून पुरुषाला न सुचवणारे, फक्त ८ टक्के.

हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. सासूबाईंचं वाक्य त्यांच्या एकटीचं नव्हतं तर. तेच वाक्य तिकडचे डॉक्टर न बोलता बोलत होते.

पेडण्याची माझी एक मैत्रीण आहे, शाळेतून निवृत्त झालेली. तिचे दोन्ही गुडघे माझ्याआधी गेले. ती म्हणते, "धोंपरां गेलीं की सगळें गेलें." पेडणे तालुका आता पूर्वीचा राहिलेला नाही. ११ डिसेंबर २०२२ ला एकाच दिवशी मोपाच्या विमानतळाचं आणि धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं उद्घाटन झालं. विमानाचा तिला उपयोग नाही, पण धारगळ घराजवळच. ती तिथे जानुबस्ती घेऊन आली. गुडघ्याभोवती उडदाच्या पिठाचं आळं करायचं आणि त्यात कोमट औषधी तेल धरून ठेवायचं. तिला बरं वाटलं. काही आठवडे छान झोप लागली. पण वाकलेला पाय तेलाने सरळ होत नाही, हे तिला तिथल्याच वैद्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मला हे आवडलं. इतर ठिकाणी मला असं कोणी सांगितलं नव्हतं.

कारण मी काय करत होते ते आता सांगते. ऑपरेशन नको म्हणून मी सहा वर्षं गोळ्या खात होते. ग्लुकोसामाइन. ओळखीतल्या सगळ्याच घेतात. 'कूर्चा पुन्हा तयार होते' असं कोणीतरी सांगितलेलं. आणि मनात एक समाधान, की ऑपरेशनमध्ये रक्त आलं, चिरफाड आली, कसली कसली औषधं आली. त्यापेक्षा गोळी बरी, गोळी सात्त्विक. मग नातीने, ती फार्मसी शिकते, एकदा डबी हातात घेऊन विचारलं, "आजी, हे कशापासून करतात माहीत आहे का तुला?" बहुतेक ग्लुकोसामाइन कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचांपासून काढतात. सोबतचं कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या नाहीतर शार्क माशाच्या कूर्चेपासून. आपण पावसाळ्यात पालेभाजी सोडतो, सूर्यास्तानंतर पाणी पीत नाही, आणि सहा वर्षं रोज दोन वेळा मी हे गिळत होते. आणि कशासाठी? अमेरिकेत १५८३ रुग्णांवर चाचणी होऊन २००६ मध्ये निकाल आलेला आहे. सगळ्या रुग्णांचा मिळून विचार केला तर या गोळ्या नुसत्या पिठाच्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

मला फार वाईट वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग मात्र नातीला समोर बसवून एकेक विचारून घेतलं. ज्यांना या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात त्यांच्यासाठी लिहून ठेवते. गुडघ्यात जेलचं इंजेक्शन देतात, त्यातली काही कोंबड्याच्या तुऱ्यापासून केलेली असतात, काही जंतूंच्या आंबवणीतून. म्हणून नाव विचारावं. हाडं मजबूत करायला कोलॅजनची पावडर विकतात, ती जनावराच्या कातड्या-हाडांची नाहीतर माशांची. कॅप्सूलचं वेष्टन बहुधा जिलेटिनचं. औषधाच्या पाकिटावर हिरवा किंवा तपकिरी ठिपका बंधनकारक नाही, तेव्हा तो शोधत बसू नये, विचारावं. आणि ज्या शस्त्रक्रियेला मी हिंसक समजत होते तिचं काय? बसवतात तो सांधा कोबाल्ट-क्रोमियमचा किंवा टायटॅनियमचा, चकती पॉलिथिलीनची, सिमेंट ॲक्रिलिकचं. त्यात जनावराचं काही नाही. अडचण दोनच ठिकाणी. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रियेनंतर हेपारिनच्या जातीची इंजेक्शनं देतात, ती डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून करतात. आणि आतले टाके कॅटगटचे असू शकतात, तेही आतड्याचेच. दोन्हींना पर्याय आहेत. गुठळ्यांसाठी कृत्रिमरीत्या तयार केलेली औषधं, काही गोळ्यांच्या रूपातही मिळतात. टाक्यांना कृत्रिम धागा. पण आधी सांगावं लागतं. टेबलावर झोपल्यावर नाही. आणि एखादीच्या प्रकृतीला पर्याय चालत नसेल तर ते डॉक्टर सांगतील, तेव्हा तिने काय करायचं ते तिने ठरवावं. मी दुसरीच्या व्रताची मोजमापं काढणार नाही.

आमच्याच नात्यातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला वेगळंच ऐकवलं. "काकी, या वयात शरीराचा इतका मोह कशाला? शांतिसागर महाराजांनी काय केलं ते आठवा." मी आठवलं. नीट आठवलं. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. ३६ दिवस ती चालली. का घेतली? डोळ्यांना दिसेनासं झालं, आणि पुढची चार हात जमीन बघून पाऊल टाकणं, म्हणजे ईर्यासमिती, पाळता येईना. दुखतं म्हणून नाही, कंटाळा आला म्हणूनही नाही. पावलाखाली जीव येईल म्हणून. माझा पाय फरफटतो. समोर मुंगी दिसते, पण पाऊल वेळेवर उचलून दुसरीकडे टाकता येत नाही. मी मुनी नाही, संसारी बाई आहे, आणि माझ्या पायाला उपाय आहे. मग महाराजांचं उदाहरण मला कोणत्या बाजूला नेतं? हे मी त्यांना विचारलं. त्यांनी विषय बदलला.

सासूबाईंचीही एक गोष्ट या संदर्भात सांगायला हवी. २००६ मध्ये श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक होता. बाहुबलींचा तो सोहळा १२ वर्षांनी येतो. त्यांची फार इच्छा. विंध्यगिरीला सहाशेच्या वर पायऱ्या, खडकात खोदलेल्या. डोली मिळते, आम्ही ठरवूही लागलो. त्या म्हणाल्या, "माझं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर घालून मी कसलं पुण्य मिळवू?" आणि गेल्या नाहीत. टीव्हीवर बघितला. २०१८ चा सोहळा आला तेव्हा त्या नव्हत्या.

आता दुसरी बाजू, कारण मी कोणाला ऑपरेशनला ढकलायला बसलेली नाही. २०१५ मध्ये डेन्मार्कमधला एक चांगला अभ्यास आला. शस्त्रक्रियेला योग्य असलेल्या १०० रुग्णांचे दोन गट केले. एकाला शस्त्रक्रिया आणि व्यायाम वगैरे सगळं, दुसऱ्याला शस्त्रक्रिया सोडून बाकी सगळं: १२ आठवडे शिकवून घेतलेला व्यायाम, आहार, बुटातले आधार, लागलं तर वेदनाशामक. वर्षाने पाहिलं तर शस्त्रक्रियेचा गट स्पष्ट पुढे होता, ८५ टक्क्यांना चांगला फरक. पण दुसऱ्या गटातही ६८ टक्क्यांना जाणवण्याजोगा फरक पडला होता, आणि त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्शानेच वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली. गंभीर त्रासही शस्त्रक्रियेच्या गटात जास्त झाले. म्हणजे व्यायाम हा नुसता टाळाटाळीचा मार्ग नाही. वजन १ किलो उतरलं तर प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा सुमारे ४ किलो भार कमी होतो. मात्र दुर्बिणीने सांधा 'धुवून' घेण्याच्या नादी लागू नका. झिजलेल्या गुडघ्यात त्याचा नुसत्या वरवरच्या चिऱ्यापेक्षा जास्त उपयोग होत नाही, हे २००२ पासून माहीत आहे.

शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीही सगळ्या खूश नसतात. पाच-दहा जणींत एक तरी म्हणते, वाटलं होतं तसं झालं नाही. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर हाल होतात. म्हणून साखर आधी आटोक्यात हवी, दातात पू नको. पहिले सहा आठवडे दुखतं, आणि दुखत असतानाच वाकवावं लागतं. मांडी घालणं, उकिडवं बसणं बहुधा सुटतं. सांधा मात्र टिकतो, दहातले आठ २५ वर्षांपर्यंत.

पैशाचं थोडक्यात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी दीड लाखाच्या वर विकला जात होता, तो ५४,७२० रुपयांवर आला, वर कर. हा नुसत्या सांध्याचा भाव, इस्पितळाचा खर्च वेगळा. आपल्या गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे, आणि बांबोळीला गोमेकॉ आहे. १८४२ मध्ये पोर्तुगिजांनी पणजीत सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेची ती आजची पिढी. कार्डावर काय बसतं, रांग किती, हे काउंटरवर स्वतः जाऊन विचारावं. शेजारणीच्या जावयाचं ऐकू नये.

मी गेले. डिचोलीहून पणजी, तिथून बांबोळी. बसच्या पायरीवर चढायला कंडक्टरने हात दिला. हे आणि मुलगा बरोबर. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, फिल्म वाईट आहे, पण मी फिल्मवर ऑपरेशन करत नाही. "तुम्हाला काय करता येत नाही ते सांगा." मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "तसं घरातलं सगळं करते ती." मुलगा म्हणाला, "आईला रात्री त्रास होतो." डॉक्टर माझ्याकडेच बघत होते. आणि मला, इतकं लिहिणाऱ्या बाईला, उत्तर आलं नाही. ते म्हणाले, तीन महिने मांडीचे व्यायाम करा, ४ किलो वजन उतरवा, आणि एका वहीत लिहून आणा.

बायांनो, हृदयाच्या ऑपरेशनला डॉक्टर सांगतात, करायलाच हवं. इथे तसं नाही. न केलं म्हणून जीव जात नाही. करायचं का, हे तुमच्या तोंडूनच यावं लागतं. आणि ते सांगण्याची आपल्याला सवय नाही. दुखतं का विचारलं तर आपण म्हणतो, चालायचंच.

वही केली. पहिले आठ दिवस त्यात सगळं दुसऱ्यांचं आलं. नातवाला उचलता येत नाही. पाहुण्यांना पंगत वाढता येत नाही. मग हळूहळू माझं येऊ लागलं. बाजारात एकटी गेले नाही, चार महिने. रात्री तीनदा जाग. मंदिरात नमस्काराला वाकले तर उठवायला कोणी आहे का ते आधी बघते. कुडणे. श्रवणबेळगोळ, पुढचं २०३०.

व्यायामाने फरक पडला, खोटं कशाला बोलू. सपाटीवर बरं चालते. वजन साडेतीन किलो उतरलं. पण जिना आणि रात्र दोन्ही तशीच राहिली. एक एक्स-रे आणि एक वही घेऊन मी दुसऱ्यांदा गेले, या वेळी नातीला घेऊन. उजव्या गुडघ्याचं करायचं ठरलं. डावा नंतर बघू.

खरा प्रश्न घरी आल्यावर निघाला. सहा आठवडे स्वयंपाक कोण करणार? सूनबाई म्हापशाला बँकेत. सासरे-दीरांच्या दुखण्यांत हा प्रश्न आमच्या घरात कधी निघाला नव्हता, कारण उत्तर मीच होते. या वेळी मी गप्प बसले. अगदी ठरवून. अर्धा तास कोणी काही बोललं नाही. मग हे म्हणाले, "भात आणि आमटी मला येते. भाकरीचं बघू." त्यांना आमटी येते हे लग्नाला ४४ वर्षं झाल्यावर मला कळलं.

तारीख चातुर्मास संपल्यावरची मिळाली आहे. हेपारिनचं आणि टाक्यांचं कागदावर लिहून दिलं आहे, त्यावर डॉक्टरांची सही घेतली आहे. सुताराकडून फणसाच्या लाकडाची एक ठेंगणी खुर्ची करून घेतली, सामायिकाला बसायला. जरा डुगडुगते. तो येतो म्हणालाय पाय घासून द्यायला.